जुन्या औषधाची चिठ्ठी

वसू,

तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. पहिले पंधरा दिवस लोक येत होते, ते त्यांना चहा करण्यात गेले. पुढचे चार मी झोपून काढले. परवापासून मला तुझा राग यायला लागलाय, त्यावरून मी ताळ्यावर आले असं समजायला हरकत नाही.

तुझ्या कॉलेजातल्या मुली तुझ्यावर एक पुस्तिका काढतायत. माझ्याकडेही त्यांनी चार पानं मागितली. मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातली चष्मेवाली म्हणाली, "आजी, बाई आम्हाला सांगायच्या की त्यांच्या खऱ्या मास्तरीण तुम्हीच." हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तुझ्याकडून दोन कामं जास्त करून घेतली असती.

रत्नागिरीच्या शोकसभेला मी गेले होते. एकाने तुला आधारवड म्हटलं. तू उंचीने माझ्या खांद्याला लागत होतीस. दुसरा म्हणाला, बाईंच्या गणितामुळे हजारो रोग्यांचे प्राण वाचले. तू तिथे असतीस तर हात वर करून विचारलं असतंस, "हजारो म्हणजे किती? आणि कशावरून?" मला हसू फुटलं. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिने माझा हात धरला. मी धरू दिला.

अडतीस वर्षांपूर्वी तू आमच्या वाडीत आलीस, तेव्हा पावसाआधीची, आगोटीची कामं चालली होती. पूर्णगडच्या खाडीवरून आत वळलं की कातळ लागतो, कातळ संपला की आमची वाडी. एसटीतून तू उतरलीस, पाठोपाठ दोन पत्र्याच्या ट्रंका उतरल्या आणि एक कातडीचे डॉक्टर उतरले. डॉक्टरांनी तीन बायकांचे पाय बघितले आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. तू औषधांचे हिशेब करणारी, तू राहिलीस. आमचे हे मुंबईला, पोरं लहान, पडवी रिकामी, म्हणून तुला माझ्याकडे उतरवली. मला आकडे वाचता येत होते आणि नावं लिहिता येत होती, म्हणून तू मला हाताशी घेतलंस. गावात याहून जास्त शिकलेल्या दोघी होत्या, पण त्या चिखलात उतरत नव्हत्या.

काम होतं चिखल्यांचं. पुण्यामुंबईच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. भाताची लावणी महिना-सव्वा महिना चालते. तेवढे दिवस बाई सकाळपासून गुडघाभर चिखलात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फुगते, मग चिरते. रात्री खाज, दिवसा आग. याला आम्ही रोग म्हणत नव्हतो. लावणी म्हटली की चिखल्या आल्या.

तुझ्या ट्रंकांत पांढऱ्या डब्या होत्या, सगळ्या एकसारख्या, प्रत्येकीवर नंबर. काहींत दवाखान्यातलं जुनं मलम, काहींत नवं. कुठल्या नंबरात कुठलं, त्याची यादी पुण्याला पाकिटात बंद. मी विचारलं, "म्हंजे तुलाच ठाऊक नाय काय आणलंस ते?"

"नाही."

"मग तुला इथे पाठवली कशाला?"

"आक्का, मला ठाऊक असतं तर मी तुमच्या पायांकडे सरळ बघितलं नसतं. ज्या डबीवर माझा जीव, तिचेच पाय मला बरे दिसले असते."

हे मला पटलं. सासू लेकीच्या हातची आमटी चाखते आणि सुनेच्या हातची चाखते, तेव्हा तिला कोणी डोळे बांधायला सांगत नाही, म्हणून घरोघरी भांडणं आहेत. तुला हे सांगितलं तर तू लगेच वहीत लिहून घेतलंस. माझं बोलणं वहीत लिहिणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कोणाला कुठली डबी, ते चिठ्ठीने ठरवायचं म्हणालीस. तुला वाटलं होतं बायका कुरकुर करतील. देवळाच्या सभामंडपात सगळ्या जमल्या होत्या. गुरवाने सुचवलं की चिठ्ठी कशाला, देवाला कौल लावू, उजवं फूल पडलं तर ही डबी, डावं पडलं तर ती. तू घाबरलीस. फुलं ओली असतात, गुरवाचा हात हलका-जड असतो, असलं काहीतरी तू माझ्या कानात बोललीस. मी मोठ्याने सांगितलं की देवाला चिखल्यांत ओढू नका, बाई चिठ्ठ्या टाकतील. टाकल्यास. कोणी हूं की चूं केलं नाही. ज्यांनी जन्मभर कौल मानलाय त्यांना चिठ्ठी मानायला काय लागतं? तू मात्र खूश झालीस. तुला वाटलं आम्ही फार शहाण्या.

शहाण्या नव्हतोच. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी माझ्या मळ्यात, उद्या सगळ्यांनी तिच्या मळ्यात. दुपारी बांधावर बसायचं, प्रत्येकीने आपलं फडकं सोडायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. एकीने सुकटीची चटणी स्वतःपुरती ठेवली तर तिचं नाव पुढल्या लावणीपर्यंत चघळलं जातं. अशा बायकांना तू एकेक डबी दिलीस आणि सांगितलंस, ही फक्त तुझी.

चौथ्या दिवसापासूनच डब्या बांधावर यायला लागल्या. माझी जाऊ सुगंधा, तिच्या डबीतलं मलम झोंबायचं. दुसरीच्या डबीतलं झोंबत नव्हतं. सुगंधाने निकाल दिला, "झोंबतं ते खरं औषध. बाकीच्यांना बाईने लोणी दिलाय." मग काय, सुगंधाच्या डबीत सगळ्यांची बोटं. आणि सुगंधाला वाईट वाटू नये म्हणून तिने दुसऱ्यांच्या डब्यांतलं घ्यायचं. कोणाच्याही मनात फसवायचं नव्हतं. डबी जिची तिच्याच नावावर होती, बोटं तेवढी फिरत होती.

दर आठ दिवसांनी तू पाय बघायचीस. पाटावर पाय ठेवायचा, तू वाकून बेचक्यांना मार्क द्यायचीस. दोन पायांची आठ बेचकी, प्रत्येक बेचक्याला वेगळा आकडा. पाटलांच्या सुनेला लाज वाटायची, ती पाय पुढे करून तोंड पदरात घ्यायची. तिसऱ्या खेपेला तू वही घेऊन पडवीत बसलीस आणि तुझं तोंड उतरलं.

"आक्का, सगळ्यांचे पाय सारखेच कसे?"

"बरे झाले ना?"

"थोडे थोडे सगळेच झाले."

"मग पेढे वाट."

तू त्या दिवशी जेवली नाहीस. मला तुझं नवल वाटलं. पाय बरे झाले म्हणून उपास करणारी बाई आमच्या वाडीत याआधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू न सांगता मळ्यावर आलीस. आम्ही बारा-तेराजणी बांधावर बसलेल्या. मधे भाकऱ्या, चटणी, आंब्याचं लोणचं, आणि त्याच्या शेजारी सुगंधाची डबी उघडी. एकजण खरोखरच लोणच्याच्या बोटाने मलम घेत होती. तू बघत उभी राहिलीस. सुगंधाने सरकून जागा केली. "ये गो बाय, बस. तुझ्या पण पायांला लाव, तू पण चिखलातून आलीस."

तू सुती साडीनिशी चिखलात बसलीस. आधी रडलीस की आधी हसलीस यावर सुगंधाचं आणि माझं आजही एकमत नाही. मी म्हणते रडलीस.

वाटेत मला विचारलंस, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू पाय विचारलेस. डबीचं कुठे विचारलंस?"

घरी येऊन तू वहीत सगळं लिहिलंस. कोणी कोणाच्या डबीतलं घेतलं, कधीपासून, झोंबण्यावरून कसं ठरवलं. मी म्हटलं, ते पान फाड. पुण्याहून कोण येतंय आमचे पाय बघायला? तुझी नवी नोकरी, वर्षाचं काम पाण्यात जाईल. तेव्हा तू बत्तीस वर्षांची होतीस आणि माझ्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोललीस. "आक्का, तुम्ही तांदळात खडा लपवून विकाल का?" मी म्हटलं, मी विकतच नाही, आम्हालाच पुरत नाही. तू पेन आपटलंस. पान मात्र फाडलं नाहीस.

तुझ्या वरच्या साहेबांनी तुला काय ऐकवलं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण पुढच्या वर्षी तू परत आलीस आणि या वेळी चिठ्ठी एकेका बाईच्या नावाची नव्हती, सावडीच्या नावाची होती. एका सावडीत सगळ्यांना एकच मलम. आता बोटं कुठेही फिरू देत. आजूबाजूच्या वाड्यांतल्या सावडीही घेतल्यास. "हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं," असं म्हणालीस, "पण पुस्तकात लोणचं नव्हतं." या एका बदलावर तू पुढे तीस वर्षं पोरींना शिकवलंस म्हणे. चष्मेवालीने मला सभेत विचारलं, "सुगंधाबाई खरंच आहेत का?" मी म्हटलं, आहेत, आणि त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

त्या दुसऱ्या वर्षी पाकीट उघडलं. झोंबणारं मलम नवं होतं. जुन्यापेक्षा ते तसूभरही सरस निघालं नाही, वर दोघींच्या पायांना फोड आले. सुगंधाने हे आजपर्यंत मान्य केलेलं नाही. मी केलं. पण तुझी-माझी खरी लढाई त्याच वर्षी लागली आणि ती मिटलीच नाही.

सुगंधाच्या सावडीला जुनं मलम निघालं होतं. ते झोंबत नाही म्हणून तिने डबी चुलीमागे टाकली आणि महिनाभर पायांना कोकमाचं तेल चोपडलं. तुला हे तिनेच सांगितलं, छाती पुढे काढून. तरी तू हिशेब केलास तेव्हा सुगंधाला जुन्या मलमाच्या बाजूला धरलंस.

"तिने बोटभरसुद्धा लावलं नाय!"

"तिच्या नावावर निघालं ना? मग ती तिथेच."

"हा खोटेपणा नाय?"

"नाही. उद्या सरकारने हे मलम गावोगाव दिलं तर गावोगाव एक सुगंधा असेल. ती डबी चुलीमागे टाकेल. मला मलमाचं कौतुक नको आहे, मलम माणसांच्या हातात गेल्यावर काय होतं ते हवं आहे. आणि जी डबी टाकते तिला मी बाहेर काढली, तर उरतात सगळ्या सांगितलं ऐकणाऱ्या. त्यांचे पाय कशानेही बरे होतात."

मी म्हणायचे, जे खाल्लं नाही त्याचा ढेकर कसा मोजायचा? तू म्हणायचीस, पंगतीत बसली ना? सदतीस वर्षं हे चाललं. तू दर वर्षी यायचीस, मे महिन्यात आठ दिवस, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत आपण सुरू. तुझ्या वाक्यांचा मला इतका सराव झाला की तू नसताना मी तीच दुसऱ्यांना ऐकवायला लागले. खालच्या वाडीतला भिकू म्हातारा नव्वदीपर्यंत विडी ओढत होता, म्हणून विडी चांगली, असं कोणी म्हणालं की मी म्हणायचे, जे चाळिशीत गेले ते सांगायला येत नाहीत. लोक मला टाळायला लागले. भगताने ताप उतरवला असं कोणी म्हणालं की मी विचारायचे, न नेलेल्यांचा किती दिवसांनी उतरला? या प्रश्नामुळे माझी आणि माझ्या नणंदेची दोन वर्षं बोलाचाल नव्हती. ते पाप तुझं.

तुझं लग्न झालं नाही यावर लोक कुजबुजायचे. मी तुला तोंडावर सांगितलं होतं, "तुझं व्हायचंच नाय. एका नवऱ्यावरून तू काय ठरवणार? तुला शंभर तरी लागतील." तू इतकी हसलीस की पडवीतली मांजर उठून गेली. हा विनोद तू पुण्याला जाऊन सगळ्यांना सांगितलास आणि खाली माझं नाव घातलंस. चांगलं केलंस. तुझ्या आईला तो आवडला नव्हता, हेही तूच मला सांगितलंस.

निवृत्त झाल्यावर तू पुण्याला राहिली नाहीस. रत्नागिरीत दोन खोल्या घेतल्यास. मला म्हणालीस, समुद्र आवडतो. वसू, तू समुद्रावर वर्षातून दोनदा जायचीस आणि पाय ओले करायला नको म्हणून वरच बसायचीस. तू माझ्यासाठी आली होतीस. हे तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. आपल्याला तसलं बोलता येत नव्हतं, आपल्याला फक्त भांडता येत होतं.

मग तुझं पोट फुगायला लागलं. तू म्हणालीस गॅस, मी म्हटलं दाखव. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो, रेल्वेने, तुझ्या पिशवीत तीन पुस्तकं आणि माझ्या पिशवीत तांदळाची भाकरी. डॉक्टरांनी आजार सांगितला. वाढलेला आहे म्हणाले. आणि मग म्हणाले की एक अभ्यास चालू आहे, निम्म्या बायकांना नेहमीचं औषध, निम्म्यांना नेहमीचं आणि त्याच्या जोडीला एक नवं. कोणाला कुठलं ते कम्प्युटर ठरवतो. डॉक्टर जपून जपून सांगत होते, तू कागद त्यांच्या हातातून घेतलास. सगळी पानं वाचलीस. सातव्या पानावर एक चूक काढलीस, डॉक्टर लाल झाले, "दुरुस्त करतो" म्हणाले. मग तू सही केलीस. मला वाटलं आजारी कोण आहे, हेच या बाईला कळलेलं नाही.

दोन दिवसांनी नाव लागलं. जुनं औषध.

त्या इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात आपण बाकावर बसलो होतो. तुझीच एक जुनी विद्यार्थिनी तिथे कामाला होती. ती येऊन हळूच म्हणाली, "बाई, नवं औषध बाहेरून मिळवता येईल. अभ्यासातून नाव काढावं लागेल, एवढंच. मी बघू का?" तिचे डोळे भरले होते. तू तिला पाठीवर थोपटलंस आणि म्हणालीस, "जा, तुझी माणसं खोळंबली असतील."

ती गेल्यावर मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पुस्तिका मुली वाचणार आहेत. एवढंच लिहिते की मी म्हटलं, "कौल मोडू नये हे खरं. पण कौल देवाचा असतो. तुझ्या या देवळात गुरव कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर विश्वास ठेवायचा."

"नवं घे."

"नवं चांगलं आहे असं कोण म्हणतं?"

"नवं हाय!"

"तुम्ही परत झोंबणारी डबी शोधताय, आक्का. कोणालाच माहीत नाही. माहीत असतं तर चिठ्ठी टाकलीच नसती, सरळ सगळ्यांना दिलं असतं."

"आणि चांगलं निघालं तर?"

समोरून एका बाईला खुर्चीवरून नेत होते, तिच्या डोक्यावर फडकं होतं, ती तुझ्याकडे बघून हसली. मग तू म्हणालीस, "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांना सांगितलं, बायांनो, थांबा, तुमच्यामुळे पुढच्यांना कळेल. आता माझी निघाली तर मी मागच्या दाराने पळू?"

मी म्हटलं, "पळ की."

तू म्हणालीस, "सुगंधाबाई पळाल्या असत्या." आणि हसलीस. मी हसले नाही. परतीच्या गाडीत पनवेलपासून संगमेश्वरपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तू माझ्या पिशवीतली भाकरी काढून खाल्लीस आणि उरलेली नीट गुंडाळून ठेवलीस.

औषध तुला मानवलं. आठ-नऊ महिने बरे गेले. तेवढ्यात तू माझ्या नातीला गणित शिकवलंस, माझ्या कुळथाच्या पिठीला नावं ठेवलीस, आणि एका पाहुण्याला जेवता जेवता विचारलंस की तुमचं हे ज्योतिष किती वेळा चुकलं याची वही आहे का. मग पोट परत भरायला लागलं. आता मी माझं सुरू केलं. एका वैदूकडून काढा आणला. तू नाक धरून अकरा दिवस प्यायलीस, एकदाही नाही म्हणाली नाहीस. मला वाटलं, चला, वाकली. बाराव्या दिवशी तू माझ्यासमोर इस्पितळाच्या अभ्यासवाल्या बाईंना फोन लावलास आणि सांगितलंस, "अकरा दिवस एक झाडपाल्याचा काढा घेतला आहे. लिहून घ्या. काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही."

मी म्हटलं, "चहाडखोर."

तू म्हणालीस, "तुमच्यासाठी प्यायले, त्यांच्यासाठी सांगितलं. दोघांचं झालं."

तुला माझ्या पडवीत आणली ती माघात. वैशाखात तू गेलीस, दुपारी, मी खळ्यात आमसुलं उलटत होते तेव्हा. आत येऊन बघितलं तर संपलं होतं. त्याबद्दल मला जास्त सांगायचं नाही. हात धुवायचे राहिले होते, तुझ्या चादरीवर कोकमाचे डाग पडले, ते निघालेले नाहीत. सुगंधा आली, तुझ्या पायाशी बसली, तुझे पाय पदराने पुसले. म्हणाली, "मेली, आमचे पाय बघता बघता हिचं आयुष्य गेलं." तिला आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती हे ओरडून म्हणाली. सगळी वाडी रडली. मी पेज उतरवायला आत गेले.

आता रागाचं कारण सांगते. परवा सकाळी फोन आला. त्याच अभ्यासवाल्या बाई. आवाज तरुण होता. आधी दोनदा माफी मागितली, मग म्हणाल्या की शेवटची नोंद करायची आहे. तारीख विचारली. शेवटच्या महिन्यात कोणती औषधं घेतली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. शेवटच्या आठवड्यात मी तुझ्या पोटावर अंगारा लावला होता, तू झोपेत होतीस, तुला ठाऊक नाही, तोही सांगितला. बाई म्हणाल्या, "आजी, अंगाऱ्याला रकाना नाही." मी म्हटलं, रकाना करा.

मग मी विचारलं, "नव्या औषधाचं काय झालं?"

"अजून बायका यायच्या आहेत, आजी. निकालाला तीन वर्षं तरी लागतील."

"आमची बाई कुठल्या बाजूला?"

"जुन्या."

"ती गेली तरी?"

"गेल्या तरी. त्या आमच्या मोजणीत शेवटपर्यंत आहेत."

फोन ठेवला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. वसू, तू मला कुठे अडकवून गेलीस बघ. नवं औषध कुचकामी निघालं, तर तू बरोबर होतीस, तुझं काहीच गेलं नाही, व्हरांड्यातलं भांडण मी हरले आणि मला शांत झोप लागेल. आणि ते चांगलं निघालं, तर त्या बाकावर तुझी एखाददोन वर्षं पडली होती. ती पोरगी ती उचलून तुझ्या हातात देत होती आणि तू तिला कामाला लावलंस.

मी खोटं लिहिणार नाही. परवाचा आणि कालचा दिवस मी मनात एकच मागणं मागितलं की ते नवं औषध वाया जाऊ दे. कधी न पाहिलेल्या बायकांना, ज्यांची पोटं आज फुगतायत, त्यांना काही मिळू नये, कशासाठी, तर या म्हातारीचा जीव निवावा म्हणून. असं मागणं मी माझ्या वैऱ्यासाठीही मागितलेलं नाही. आज सकाळी भाकऱ्या थापताना माझी मलाच शिसारी आली. त्या खुर्चीवरून नेलेल्या बाईचं तोंड आठवलं. तिला कुठली चिठ्ठी निघाली होती कोण जाणे. ती हसली होती तुझ्याकडे बघून.

म्हणून भाकऱ्या टाकून मीच फोन केला. त्या बाईंना सांगितलं, निकाल लागला की मला कळवायचं, कसाही लागला तरी. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं वय किती?" मी म्हटलं, एक्याऐंशी. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम लवकर उरका, मी माझं बघते.

आणि तुला हे सांगायला बसले. मी मागणं बदललंय. नवं औषध गुणाचं निघू दे, वसू. त्या बायका आपल्या पायांनी घरी जाऊ देत. तसं झालं, तर मी या पडवीत बसून मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या तुला घालीन, आणि त्या दिवशी तू उलट उत्तर द्यायचं नाहीस.